जातो नव्हे, येतो

बस — त्या खुर्चीवर नको, तिचा पाय मोडलाय — आणि तो कागद राहू दे पर्समध्ये. बाप अंथरुणाला खिळलाय, बहिणीच्या वाटेकडे डोळे लावून बसलाय, आणि ती एकोणीस वर्षं त्याच्याशी बोलत नाही, ऐकलं सगळं. पण 'बाबांची कारकीर्द' वगैरे मला सांगू नकोस. ती माझ्या लाल पेनाखालून गेली आहे. मी मुद्रितशोधक, वर्तमानपत्र छापण्याआधी चुका काढणारा, आणि तुझा बाप म्हणजे चुकांचं कोठार. परक्या मुलखातून आला तेव्हा हातात एक पिशवी आणि तोंडात आपली भाषा अशी, की ऐकणाऱ्याने कान धुवावेत. पहिलं काम काय दिलं? हरवले-सापडले. तिथेही दिवे लावले — 'छत्री सापडला'. मग कोर्टाच्या बातम्या. 'न्यायाधीशाने हसला.' मी म्हटलं, अरे शहाण्या, हसण्याला 'ने' लागत नाही. तर म्हणतो, मग रडण्याला? असा नग. आणि लोक म्हणायचे, काय ओघवतं लिहितो हो. ओघ कुणाचा? माझा. त्याला सदर मिळालं, सदरावर फोटो मिळाला. मला काय, लाल पेनांचा नवा डबा.

मग पुस्तक. घर सोडून आल्याचं — दुसरं काय असणार? आई दारात उभी, हा निघालेला. म्हातारीला ऐकू कमी, त्यामुळे हा उंबऱ्यात काय बोलला ते तिला कळलंच नाही. आणि पुस्तकात लिहितो, 'आई, जातो.' आता तूच सांग, घरातून निघताना कुणी 'जातो' म्हणतं? शेंबडं पोरसुद्धा 'येतो' म्हणतं. मी प्रुफावर खूण केली. त्याने ती खोडून शेजारी लिहिलं — असंच राहू द्या, मी परतणार नव्हतो. मी पुन्हा केली, त्याने पुन्हा खोडली. तीनदा. म्हणजे अठरा वर्षं मी शिकवायचं आणि शेवटी हा मला शिकवणार, कुठलं क्रियापद कुठे — पण शेवटचं प्रूफ माझ्याच टेबलावर होतं. हो, केलं 'येतो'. अशी काय बघतेस? बरोबर तेच केलं. बक्षीस दिलं तेव्हा परीक्षकांनी कुठली ओळ वाचून दाखवली? तीच. हा व्यासपीठावर मान खाली घालून उभा, चोरासारखा.

आता मला काय स्वप्न पडलं होतं, की तिकडच्या भाषेत ते पुस्तक जाईल आणि कुणी शेजारीण म्हातारीच्या कानाशी ओरडून वाचेल? नदीने काठ खाल्ला, अख्खी आळी उठून गेली, तुझ्या आत्याने हात धरून ओढलं, तरी म्हातारी हलेना — येतो म्हणालाय तो, लिहून दिलंय त्याने. मग भिंत पडली. तुझ्या त्या शब्दापायी आई गेली, असं आत्याचं पत्र घेऊन तुझा बाप माझ्यासमोर उभा राहिला. मी म्हटलं, काय, पत्रातलं शुद्धलेखन तपासू? — निघून गेलं तोंडातून. माणूस एवढा वेळ नुसता उभा राहिला की काहीही निघतं तोंडातून. मग म्हटलं, सांग बहिणीला, शब्द माझा नव्हता म्हणून. तर म्हणतो, पुस्तकावर नाव माझं आहे. मोठा आला नाववाला. त्यानंतर एक ओळ लिहिली नाही त्याने. बरंच झालं, माझी डोकेदुखी गेली.

आण तो कागद. आत्याला दाखवायचाय ना? 'हा शब्द लेखकाला न विचारता मी बदलला.' तुझं अक्षर अगदी बापाचं. 'न विचारता' चूक आहे — विचारलं होतं, तीनदा. ते खोडलं. आणि 'मी बदलला' कानाला बोचतं. 'बदलला गेला.' हे घे. 'मी' काढला की वाक्य कसं सुटसुटीत होतं बघ. सही? सही कशाला — मुद्रितशोधकाचं नाव कधी छापलेलं पाहिलंयस कुठे? निघ आता, आणि जाताना दार ओढून घे.