थ्रिपलीचं कुरण आणि एका शब्दाचा खल

हॅलो?… कोण, हेस्टर? अगं ऐक ना, कुरण गेलं आपलं… चर्चमागचं, दुसरं कुठलं! काल गावच्या सभेत… नाही गं, रडत नाहीये, कांदा चिरतेय.

अगं, कुरण गावाला देऊन गेलेल्या ऑर्मबाईंच्या मृत्युपत्रात आहे ना, 'ही जागा गावासाठी सदैव ली राहू दे'… त्या एका शब्दावर दोन तास!… ली म्हणजे? तूसुद्धा? अगं, जुना शब्द, गवताचं कुरण. आपल्या गावाच्या नावाला, थ्रिपलीच्या शेपटाला, काय चिकटलंय मग?

कुरणावर घरं बांधायला निघालेल्या बिल्डरचा वकील उठला. आधी म्हणे, ली हे कुणा बाईचं नाव असावं… हो ना! कुरणानं बाई होऊन राहायचं! सगळे हसले, तर कागद उलटून म्हणतो, मूळ अर्थ जंगल तोडून मोकळी केलेली जागा. म्हणजे घरं बांधणं हीच खरी परंपरा!… टाळ्या? वाजल्या की.

मग एमॉस उठला… तोच, मेंढ्यांवाला. टोपी हातात. म्हणाला, 'माझा आजा सांगायचा, नांगर उचलून गवताला दिलेली जमीन म्हणजे ली. दमलेली असते ती.' तर अध्यक्ष विचारतात, 'लेखी पुरावा आहे?'… कोण अध्यक्ष म्हणजे? आमचे हे! सिरिल!

समितीची मतं तीनास तीन, निर्णय अध्यक्षांच्या हातात. मग ह्यांनी हात वर केला… बिल्डरच्या बाजूनं! का, तर वसाहतीचं नाव 'चंडोल ली' ठेवणारेत, शब्द तरी वाचला!… बोलले ना मी! म्हटलं, चंडोल जमिनीवर घरटं करतो, चौथ्या मजल्यावर नाही. कालपासून अबोला. सकाळी चहासुद्धा न घेता गेले… मला काय माहीत कुठे!

थांब… कुंपणाचे खांब घेऊन ट्रक आला बघ. खिडकीतून दिसतोय… थांबला. फाटकात कुणीतरी खुर्ची टाकून बसलंय. मागे एमॉसच्या मेंढ्या… अगं बाई! हेस्टर, ही तर आमचीच खुर्ची!… हो, तेच! ड्रायव्हर ओरडतोय, हे ढिम्म!

काय?… थांब, किटलीखाली चिठ्ठी आहे. वाचते… 'वर केलेला हात आता खाली घेता येत नाही, डॉर्कस. म्हणून जाऊन बसतो'…

…नाही, आहे मी, बोल… नाही गं, कांदा कधीच चिरून झाला. बरं, ठेवते. दुसरी खुर्ची जरा जड आहे, उचलायला वेळ लागेल.