छताकडं मारलेला फ्लॅश

औरादला एका साखरपुड्याचे फोटो काढायला गेलो होतो. मी फ्लॅश छताकडं वळवून नवरीचा एक फोटो काढला, तशी नवरदेवाची आत्या उठून आली.

"उजेड वर कामून मारायलास? पोरीचा रंग झाकायलास का?"

"न्हाई आत्याबाई. पांढऱ्या छतावरनं उजेड मऊ होऊन खाली येतो. माणूस हाय तसा दिसतो."

"समोरून मार. बघू दे मला."

समोरून मारला, तर नवरी पांढरीफटक आली.

आत्या आणखीच बिथरली. "एवढी गोरी कुठंय ही? फसवायलाव व्हय आम्हाला?"

कॅमेरा हातात घेऊन ती दोन्ही फोटो आळीपाळीनं बघत बसली. साखरपुडा थांबला. शेवटी नवरीच म्हणाली, "आत्या, मी हितंच बसलीय की. माझ्याकडं बघा."

आत्या ओशाळली आणि पुढच्या फोटोला तिच्याच शेजारी बसली.