साहेबाची आंबराई

गाइडगिरीत मी एकदा कसा तोंडघशी पडलो, ऐका. जुन्या इंग्रजी मळ्यावर दर रविवारी मी लोकांना इतिहास सांगत फिरवतो. आंबराईत नेहमीसारखं ठोकलं, "ही झाडं साहेबानं स्वतःच्या हातानं लावली."

घोळक्यातली पेठकडची म्हातारी म्हणाली, "साहेब खुर्चीत बसायचा. लावली मजुरीवर आलेल्या आमच्या माणसांनी. ज्यानं लावलं, त्याचंच नाव झाडाला. आय सांगायची."

मग ती सावलीतून झोपेत चालल्यासारखी निघाली, एकेका खोडाला हात लावत. "हा धाकल्या. ही सोनी." वर पानं सळसळायची, जणू हजेरी देत होती. शेवटच्या झाडाला तिनं गाल टेकला.

मी हळूच विचारलं, "आणि हे झाड?"

"माझी आय. बस तिच्या सावलीत. खोटं बोलून दमला असशील."