सिंह आला तेव्हा

आमच्या आत्याला कुठेही नेऊ नये, आणि सिंह बघायला तर मुळीच नाही. पण ती सोबत असेल तरच मैत्रिणींबरोबर बोरिवलीच्या नॅशनल पार्कात जा, असं बाबांचं फर्मान होतं. म्हणजे बी.ए. झालेल्या मुलीला सिंहापासून वाचवणार कोण, तर आत्या!

मला काहीही करून जागा असलेला सिंह बघायचा होता. म्हणून मावसभावाचा कॅमेराही मागून आणला होता. जाळीच्या बसमधून बघावं तर सगळे सिंह झाडाखाली आडवे. शेवटी एक उठला आणि थेट आमच्या बसकडे चालू लागला. मी कॅमेरा उचलला, तेवढ्यात आत्या पदर डोक्यावर घेऊन उभी राहिली.

"पोरींनो, चपला काढा. देवीचं वाहन येतंय."

"आत्या, सिंह आहे तो!"

"मग? देवी काय बसने फिरते?"

सायन्सवाली सुनंदा मुकाट्याने वाकून सँडलचा पट्टा सोडू लागली. मरीनाने डोळे मिटून चक्क छातीवर क्रूसाची खूण केली. आपण पिकनिकला आलोय की देवळात, हेच मला कळेना.

"वेड लागलंय का गं तुम्हाला?" मी मागे वळून तिघींवर ओरडले. पुन्हा खिडकीकडे वळले तर गवतात शेपटी तेवढी दिसली.

"कसा होता गं?" मी रडवेली होऊन विचारलं. सुनंदा सीटखाली, मरीनाचे डोळे अजून मिटलेले.

आत्या म्हणाली, "छान होता. तू ओरडत होतीस ना, तेव्हा तुझ्याकडेच बघत उभा होता बिचारा."