सात की आठ

केंटकीतल्या त्या बंदुकांच्या दुकानात लॉनी मासेमारीचा परवाना काढायला रांगेत उभा होता. त्याच्या पुढे इमोजीन, गेल्याच महिन्यात नवरा व्हर्नल वारलेली. काउंटरमागे गार्लंड, तिच्या नवऱ्याचा जिवलग दोस्त.

"वहिनी, दोन्ही पिस्तुलं त्याच जुन्या घडणीची. आपल्या व्हर्नलचं होतं ना, अगदी तसलीच."

"मग हे सातशे डॉलरचं अन् ते आठशेचं कशापायी?"

"याचा चाप जरा जड आहे. ते लोण्यासारखं चालतं. शिवाय यात सात गोळ्या मावतात, त्यात आठ."

"माझ्या हाताला हेच बरं वाटतंय."

"मग हेच घ्या, शंभर वाचतील. पण तुम्ही तर कधी पिस्तुलाला शिवला नाहीत! कोणी त्रास देतंय का?"

"रोज संध्याकाळी मागच्या दाराने येतो. स्वयंपाकघरात बसतो. मी मक्याचा पाव वाढते, पण हातही लावत नाही."

"नाव सांगा फक्त. तंगडी मोडतो त्याची."

"भाऊजी, शवपेटीत व्हर्नलचं पिस्तूल तुम्हीच ठेवलंत ना?"

"त्याचीच इच्छा होती ती. पण त्याचं इथं काय?"

"रिकामं ठेवलंत की भरलेलं?"

गार्लंडचं उत्तर ऐकायला लॉनीला पुढे वाकावं लागलं.

"भरलेलं, वहिनी. सातच्या सात."

"म्हणजे आता सहा. एक काल माझ्या कपाटाच्या दारात घुसली."

"वहिनी..."

"हे राहू द्या, भाऊजी. ते आठवालं द्या."