ॲंजेलाच्या पेशी

गिरीजच्या बसस्टॉपवर सलोनीच्या पुढे केळीची वाडी कसणारे दोन म्हातारे उभे होते. त्यांचं बोलणं कानावर पडलं आणि तिने हातातला मोबाईल खाली केला.

"फर्डिनंड, तुझी ॲंजेला चर्चच्या सणालापण आली नाही?"

"कशी येणार, तुळशीदास? लॅबमध्ये माणसाच्या लिव्हरच्या पेशी वाढवते ती. दिवसाआड खायला घालावं लागतं, नाहीतर मरतात."

"पेशींसाठी सण सोडला?"

"आणि तू भाच्याच्या हळदीतून उठून केळींना पाणी द्यायला पळालास ते?"

"बरं, बरं. करते काय त्या पेशींचं?"

"कुठल्या रसायनाने कॅन्सर होऊ शकेल, ते त्यांच्यावर तपासते. मी म्हटलं, माझं फवारणीचं औषध घेऊन जा. तीस वर्षं हाताने कालवतोय, काही होत नाही."

"मग?"

"पेशींची आतून मोडतोड झाली. अजून तपासण्या आहेत, पण तोवर बाटलीला हात लावायचा नाही म्हणाली."

"म्हणजे पोरीने बापाला खोटं पाडलं!"

"पाडलं ना! मीच फादरना सांगितलं, पोस्टमनला सांगितलं, वाडीवाला भेटेल त्याला सांगतो."

बस आली. पायरीवर पाय ठेवता ठेवता फर्डिनंड सलोनीकडे वळला.

"काय गं बाय, तुमची वाडी आहे का?"