चिखलाचे कपडे घेत नाही

अहो, काउंटरवर नका ठेवू ती पिशवी — खाली, खाली ठेवा, त्या पायपुसण्यावर — गळतेय ती, दिसत नाही का तुम्हाला? आत्ताच पुसलंय मी सगळं, आणि हे शेजारी दवाखान्याचे पांढरे कोट घडी करून ठेवलेत, त्यावर एक थेंब उडाला तर डॉक्टरीणबाई मला उभी सोलेल. आणि उघडू नका! उघडू नका म्हणते ना, वासावरूनच कळलं मला. शर्यतीचा चिखल तो. कसं कळलं म्हणजे? लग्न होऊन आले ती ह्या काउंटरमागेच उभी राहिले, सत्तावीस वर्षं झाली, मला चिखल कळणार नाही तर कुणाला? रस्त्यात पाय घसरून पडलेल्या माणसाचा चिखल वेगळा असतो हो. तो एका बाजूला असतो, गुडघ्यावर, कोपरावर, बघितलं की कळतं, बिचारा पडला. त्याला मी आधी वाळू देते, मग ब्रशने झाडते, मग गार पाण्यात घालते, जातो. पण हा — हा शिवणीत शिरलेला असतो, खिशात गोळा होऊन बसलेला असतो, आतल्या बनियनच्याही आत. हा स्वतःहून लोळलेल्या माणसाचा चिखल. कुठून आणलात? बघा! म्हणजे दोन विमानं बदलून, शेजाऱ्यांच्या नाकाखाली, हे असं ओलं बोचकं घेऊन बसलात तुम्ही? शी. माफ करा, पण शी.

नाही, नाही घेत आम्ही. दारावरची पाटी वाचली नाहीत का? मशीनचा फिल्टर तुंबतो. एकदा तर ड्रममधून अख्खा गवताचा गड्डा निघाला होता, मुळांसकट, आणि मेलेलं काहीतरी, मी नीट बघितलंच नाही, डोळे मिटून उचललं आणि टाकलं. कुणाचे कपडे होते म्हणता? कुणाचे असणार — आमच्याच ह्यांचे. आत ते इस्त्रीचं टेबल दिसतंय ना, कापड टाकून ठेवलेलं, ते त्यांचं. आज मंगळवार, गेल्या शुक्रवारी पुन्हा गेले. तिकडेच, तुम्ही जाता तसल्याच ठिकाणी, लोळायला.

हसू नका. मला सांगा, जो माणूस आयुष्यभर दुसऱ्यांच्या कॉलरचा मळ काढतो, शर्टाच्या बाहीला दोन घड्या पडल्या तर पुन्हा पाणी मारून सरळ करतो, त्याने चौपन्नाव्या वर्षी पदरचं तिकीट काढून परमुलखात जायचं आणि डुकरासारखं डबक्यात बसायचं — ह्याला काय म्हणायचं? त्याचं झालं असं, की डॉक्टर म्हणाले, साखर वाढलीय, पोट कमी करा, चाला. बरं, चाला म्हटलं होतं, लोळा म्हटलं नव्हतं! पण आमच्याकडे एक कवायतमास्तर येतात, शाळेत मुलांना कवायत शिकवतात, त्यांच्या पांढऱ्या पँटी असतात आमच्याकडे. ते म्हणाले, नुसतं चालून काय होतंय, माझ्याबरोबर चला रविवारी, गावाबाहेर एक शर्यत आहे, चिखलातून धावायची. गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा फक्त डोळे आणि दात दिसत होते. मी दारातच झाडू आडवा धरला, म्हटलं पाऊल टाकायचं नाही आत. तर तिथेच पायरीवर बसले आणि हसायला लागले. हसतात म्हणजे किती — पोट धरून, डोळ्यांतून पाणी, त्या पाण्याने गालांवर दोन गोऱ्या रेघा. मला वाटलं डोक्याला मार लागलाय. ह्या माणसाला मी एवढं हसताना कधी बघितलंच नव्हतं हो. मुलगी झाली तेव्हाही नाही.

आणि मग काय, लागलं वेड. इथली शर्यत लहान वाटायला लागली. मास्तरांच्या मोबाइलवर दोघं डोकं घालून बसायचे — ह्या देशात अमुक शर्यत, त्या देशात तमुक, आणि सगळं कसं स्वस्तात, स्वस्तात! कुणी घेत नाही असं विमान घ्यायचं, मध्ये चौदा तास बाकड्यावर पडून राहायचं. पिशवीला वजनाची मर्यादा, म्हणून तीन शर्ट एकावर एक अंगात घालून जायचं, घामाने निथळत. दहा अनोळखी माणसांच्या खोलीत वरच्या फळीवर झोपायचं. सकाळी जो पाव फुकट मिळतो तोच कागदी रुमालात बांधून दुपारी खायचा. आणि ह्याला म्हणायचं काय, तर साहस! मी म्हटलं, एवढंच हवंय तर मागच्या अंगणात पाइप सोडते, लोळा, मी बाकड्यावर झोपायला देते, पाव बांधून देते. तर म्हणाले, "अगं, तिथे मला कुणी विचारत नाही, इस्त्री झाली का म्हणून." काय बोलायचं ह्यावर? तेव्हा मला ते बोलणं कळलंच नाही, खरं सांगते, मला वाटलं कामचुकारपणा चाललाय.

मी? गेले ना. तेच तर सांगतेय. एकदा गेले. बसा, तो स्टूल घ्या — नको, त्यावर नको, तुमची पँटही काही धड दिसत नाहीये. उभेच राहा. मागच्या वर्षी म्हणाले, "तू चल ना. तू नुसती बघायला चल." तीनदा म्हणाले. आमचे हे एक गोष्ट तीनदा कधी म्हणत नाहीत. आणि आम्ही दोघं मिळून असे कुठे गेलोच नव्हतो हो, दुकान सोडून जाणार कोण? मी आपली हरखले. लेकीला फोन करून सांगितलं, परदेशी चाललेय. नवा कोट घेतला, फिकट, सायीच्या रंगाचा, कॉलरला रेशमी अस्तर. मनात चित्र काय, तर पांढऱ्या चादरींची खोली, खिडकीत पडदा, संध्याकाळी दोघं कुठल्यातरी कारंज्यापाशी बसलोय. आणि तिथे जाऊन बघते तर ती दहा जणांची खोली! माझ्या खालच्या फळीवर एक दाढीवाला, त्याचे बूट माझ्या नाकाखाली, आणि न्हाणीघर — नाही, ते सांगतच नाही, तुम्ही नाश्ता केला असेल. कुणाकुणाचे केस त्या जाळीत अडकलेले, सगळ्या रंगांचे. मी दोन दिवस आंघोळ केली नाही. मी! दिवसातून चार वेळा कोपरापर्यंत हात धुणारी बाई!

शर्यतीच्या दिवशी सकाळी गावाबाहेरच्या मैदानावर गेलो. कर्ण्यावर ढणढण गाणी, आणि हजारभर माणसं दंडावर मार्करने नंबर घालून उड्या मारतायत. ह्यांचाही नंबर मास्तरांनी घातला. मला म्हणाले, तू शेवटच्या खड्ड्यापाशी थांब, तिथून जवळून दिसतं. तर मी तिथे दोरीला लागून उभी. आणि एकेक जण यायला लागला — अहो, काय सांगू, माणसं वाटत नव्हती ती. नाकातून, कानांतून गाळ वाहतोय, थुंकतायत, खाकरतायत, एक तर माझ्यासमोर ओकला आणि तसाच हसत पुढे पळाला. खड्डा म्हणजे केवढा, तर पुरुषभर खोल, आणि वर यायला नुसता निसरडा उतार, धरायला काही नाही. त्यामुळे बघायला आलेली घरची माणसं दोरीखालून पुढे जाऊन हात द्यायची. चालायचं ते तिथे, उलट त्यासाठीच केलेलं असतं. कुणाचा मुलगा हात देतोय, कुणाची बहीण. मी आपली रुमाल नाकाला लावून उभी.

आले हे. आधी ओळखलंच नाही, मग पोटावरून ओळखलं. मास्तर केव्हाच पुढे गेले होते, हे एकटेच. चढले, घसरले. पुन्हा चढले, पुन्हा घसरले, ह्या वेळी तोंडावर पडले, सगळं पाणी तोंडात गेलं. तिसऱ्यांदा अगदी काठापर्यंत आले, माझ्यापासून एवढ्या — हे काउंटर आहे ना, एवढ्याच अंतरावर. वर बघितलं. मला बघितलं आणि त्या चिखलात दात चमकले. म्हणाले, "अगं, हात दे."

तो हात अजून दिसतो मला. बोटांवरून गाळ ओघळतोय, एक नख उचकटलंय, त्यातून रक्त आणि त्यात ते काळं — मला शिसारी आली. खरंच आली हो, ती काही मी ठरवून आणली नव्हती. मी एक पाऊल मागे गेले. एकच. कोट असा हाताने जवळ ओढून धरला आणि एक पाऊल मागे गेले. बस, एवढंच.

आणि त्यांनी ते बघितलं.

हात तसाच वर होता, मग हळूहळू खाली घसरायला लागले. तेवढ्यात माझ्या बाजूने एक म्हातारी पुढे झाली, तिकडचीच, पांढरे केस, कोण कुठली, तिचं आपलं माणूस कुठे होतं देव जाणे — ती सरळ पालथी पडली काठावर, चांगले धुतलेले कपडे तिचेही, आणि दोन्ही हात खाली सोडले. धरले ह्यांना आणि ओढलं, कण्हत, कुंथत, ओढून काढलं वर. हे तिच्या गळ्यात पडले. तिला ह्यांची भाषा येईना, ह्यांना तिची, दोघं नुसते एकमेकांची पाठ थोपटतायत, थपाथपा, चिखल उडतोय. मग शर्यत संपवून, गळ्यात ते पत्र्याचं मेडल घालून हे माझ्याकडे आले. मला वाटलं आता बोलतील. लोकांत बोलतील, ओरडतील. मीही तयार होते, म्हटलं मी पण सुनावेन, ह्या उकिरड्यात आणलंत मला म्हणून. तर ते चार हात लांबच थांबले आणि म्हणाले, "जरा बाजूला हो, कोट खराब होईल." अगदी सरळ. जसं गिऱ्हाइकाला सांगतात ना, तसं.

परतीच्या वाटेवर माझी पिशवी उचलली, मला खिडकीची जागा दिली, पाव अर्धा करून दिला. राग म्हणून नाही कुठे. आणि घरी आल्यावर बघते तर मागच्या नळावर बसून स्वतःचे कपडे स्वतः धुतायत. इतकी वर्षं ह्यांचा रुमालसुद्धा मी धुतलाय. मी गेले, म्हटलं द्या इकडे. तर म्हणाले, "राहू दे. तुला किळस येते ना." तेव्हापासून स्वतःच धुतात. साधे रोजचे कपडेसुद्धा. लोकांचे दोनशे शर्ट माझ्या हातून जातात रोज, आणि माझ्या नवऱ्याचा एक नाही. मग मी ही पाटी लावली. फिल्टर? हो, फिल्टरही तुंबतो... पण पाटी लावली ती ह्यांना दिसावी म्हणून, काहीतरी बोलतील म्हणून. वाचली आणि म्हणाले, बरं केलंस.

ह्या वेळी मला विचारलंही नाही. मीच म्हटलं, मी येऊ का? हे शर्टाची घडी करत होते, मान वर न करता म्हणाले, "नको गं, तुला त्रास होईल." चिडून म्हणाले असते तर मी भांडले असते, भांडता येतं मला चांगलं. पण इतकं मायेने म्हणाले, की भांडायला जागाच राहिली नाही. आणि आज सकाळी मास्तरांनी तिकडून हा फोटो पाठवला — बघा. हे कोण पालथं पडलंय काठावर? ओळखा. पोटावरून ओळखू येतात, हो ना? आणि खाली कुणी बाई आहे, तिला दोन्ही हात दिलेत. शी, काय तो अवतार, नाकातोंडात माती, भुवया दिसत नाहीत. सकाळपासून दहादा मोठा करून बघितलाय मी. मळमळतं बघून. तरी बघते.

जाऊ दे, तुमचा खोळंबा झाला. पण काय हो, तुमच्या घरी कुणी नाही का हे धुवायला? आहे? बायको आहे? मग — अच्छा. दारातूनच परत पाठवलं. पिशवी आत आणायची नाही म्हणाली, नाक दाबून. हं. आणि तुम्ही काय म्हणालात तिला? काहीच नाही? म्हणजे, किती दिवसांनी भेटलात? नऊ. नऊ दिवसांनी घरी आलात, आणि काही न बोलता तसेच वळून सरळ इकडे आलात. आणि हे पहिल्यांदाच, की दर वेळी असंच?

दर वेळी.

उचला ती पिशवी. उचला, अहो, नाही धुणार मी, दुप्पट दिलेत तरी नाही. दुसरी लाँड्रीही सांगणार नाही. घरी जा. जाऊन भांडा तिच्याशी, चांगलं मोठ्याने भांडा, शेजारी गोळा झाले तरी चालतील — काय बघताय माझ्याकडे? जा म्हणते ना!